दातांची तार : घाई कोणाला?



“तार किती महिन्यांत निघेल?” हा प्रश्न हल्ली पालक-सभेत आम्हालाही विचारतात, जणू शाळेत गणिताबरोबर दंतवैद्यकही शिकवले जाते! डॉक्टरांचे उत्तर बहुधा एकच असते : दीड ते दोन वर्षे. काम सोपे असेल तर वर्षभरात होते, अवघड असेल तर अडीच-तीन वर्षेही लागतात. हे ऐकून घरची मंडळी नाराज होतात आणि ‘लवकर करून देणारा’ डॉक्टर शोधू लागतात.

दात म्हणजे भिंतीतला खिळा नव्हे. तार त्याला हलका पण सतत दाब देते. दाबाच्या बाजूचे हाड हळूहळू विरघळते आणि मागच्या बाजूला नवे हाड भरते. या चालीने दात महिन्याला साधारण 1 मिलिमीटर सरकतो. गर्दी फार असेल तर डॉक्टर उपदाढ काढतात. तिची जागा सुमारे 7 मिलिमीटर असते; ती भरायलाच किती महिने लागतील याचा हिशेब पाचवीचा विद्यार्थीही करील. जास्त जोर लावून हे काम लवकर होत नाही, उलट दाताच्या मुळाला इजा होऊ शकते.

खरा उशीर आपल्याकडूनच होतो. दर चार ते सहा आठवड्यांनी तपासणी लागते. आपली मुले मे महिन्यात उधना-जळगाव मार्गाची गाडी धरून खानदेशात जातात, लग्ने आटोपून जूनमध्ये परततात. एक तपासणी हुकते, कधी दोन. मग उत्तरायणाला चिक्की आणि ऊस! दातावर चिकटवलेली पट्टी निघाली की त्या दाताचे काम थांबते. तिळगुळाला आमची ना नाही, पण लाडू मऊ असावा.

यापेक्षा गंभीर गोष्ट मुलींची आहे. सातवीत दात वेडेवाकडे असतात तेव्हा “पुढे बघू” म्हणतात. स्थळे येऊ लागली की दात आठवतात आणि साखरपुड्याआधी सहा महिन्यांत सर्व सरळ हवे असते. काही ठिकाणी फोटोसाठी तार मधेच काढतात. दात पुन्हा जुन्या जागेकडे सरकतात, पैसाही जातो. आम्हाला हे मान्य नाही. उपचार मुलीला नीट चावता यावे, दात नीट घासता यावेत, मोकळे हसता यावे यासाठी आहे, पाहुण्यांसाठी नाही. अक्कलदाढ सोडून बाकीचे कायमचे दात साधारण 12-13 वर्षांपर्यंत येतात. निर्णय तेव्हा घ्यावा, मुलगा असो वा मुलगी. पहिली तपासणी तर सातव्या वर्षीच करून घ्यावी, असे अमेरिकेतील ऑर्थोडॉन्टिस्टांची संघटना सांगते.

तार निघाल्यावरही रिटेनर लावावा लागतो, पुढे रात्री तरी. नवे हाड घट्ट व्हायला वेळ लागतो. तो डबीत ठेवून विसरणारे पुष्कळ आहेत.

विश्वस्त मंडळाला विनंती की वार्षिक आरोग्य तपासणीत दातांचे तज्ज्ञही बोलवावेत. वर्गात कोणाला ‘रेल की पटरी’ म्हणून चिडवलेले आम्हाला चालणार नाही. आणि तपासणीच्या दिवशी डॉक्टरांची चिठ्ठी आणल्यास मधल्या सुट्टीनंतर घरी जाण्याची परवानगी मिळेल. चिठ्ठी वर्गशिक्षकांकडे सकाळीच द्यावी.