द्राक्षबागेतील सायकलवाट आणि पुनर्प्रवेशाचा नियम

नाशिकच्या पश्चिमेस गंगापूर धरणाकडून गिरणारेकडे आणि उत्तरेस दिंडोरी तालुक्याकडे जाणारे रस्ते आता केवळ द्राक्षमालाच्या वाहनांचे राहिलेले नाहीत. थंडीच्या दिवसांत तेथे भल्या सकाळी सायकलस्वार दिसतात. या शहराला सायकलचे वेड नवे नाही, येथील डॉ. हितेंद्र व डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ मध्ये ‘रेस अक्रॉस अमेरिका’ ही खडतर शर्यत पूर्ण केली. राज्याच्या २००१ च्या द्राक्ष प्रक्रिया उद्योग धोरणानंतर या परिसरात वाइनरी वाढल्या आणि बागा पाहण्यासाठी येणारा पाहुणाही वाढला. या बदलाचे स्वागतच करावे. मात्र एका कीटकशास्त्रज्ञाच्या नात्याने मला त्यातील एक दुर्लक्षित बाजू मांडावीशी वाटते.

द्राक्षशेती समजून घेण्यास सायकलइतके योग्य वाहन नाही. मोटारीतून सर्व बागा सारख्याच दिसतात. सायकलवरून जाताना खाण्याच्या द्राक्षांचा पसरट मांडव आणि वाइनच्या वाणांच्या उभ्या तारांवरील ओळी यांतील फरक ध्यानात येतो. थांबून पाहिल्यास खोडावरून चढणाऱ्या मुंग्यांची रांग दिसते आणि सुट्या सालीखाली पिठ्या ढेकूण असल्याचा सुगावा लागतो. त्याच ठिकाणी पांढऱ्या मेणचट धाग्यांची एखादी अळी फिरत असेल, तर ती बहुधा पिठ्या ढेकणाला खाणाऱ्या क्रिप्टोलिमस भुंगेऱ्याची असते. ती शत्रूसारखीच दिसते, म्हणून अनेकदा आपल्याच हातून चिरडली जाते. विस्तार कार्यकर्त्यानेही आठवड्यातून एकदा आपल्या गावाची पाहणी सायकलवरून करावी, असे मी आग्रहाने सुचवेन.

परंतु पर्यटनाचा हंगाम तोच फवारणीचा हंगाम आहे. ऑक्टोबरच्या फळछाटणीनंतर डोळे फुटू लागताच उडद्या भुंगेऱ्याची चिंता सुरू होते. पाठोपाठ फुलकिडे, तुडतुडे, केवडा व भुरी येतात. वारा शांत असतो म्हणून फवारणी सकाळी करावी, असे आपणच सांगतो. सायकलस्वारही सकाळीच निघतो. मोटारीची काच बंद करता येते. सायकलस्वाराला तशी सोय नाही. शिवाय श्रमामुळे त्याचा श्वासोच्छ्वास कित्येक पटींनी वाढलेला असतो. त्यातच कोणी हौसेने चार मणी तोडून तोंडात टाकतो. काढणीपूर्व प्रतीक्षा कालावधी त्या क्षणी त्याचे रक्षण करीत नाही, कारण तो काढणीच्या तारखेपासून मोजलेला असतो.

येथेच आपल्या विस्तारकार्यातील एक उणीव उघडी पडते. २०१० मध्ये क्लोरमेक्वाट क्लोराइडच्या अवशेषांमुळे युरोपच्या बाजारात आपली द्राक्षे अडकली आणि अवशेषमुक्त उत्पादनाचा धडा आपण कसोशीने गिरवला. आज प्रगतिशील बागायतदाराला औषधागणिक काढणीपूर्व दिवस तोंडपाठ असतात. मात्र फवारलेल्या बागेत माणसाने पुन्हा किती तासांनी शिरावे, या पुनर्प्रवेश कालावधीची चर्चा क्वचितच होते. अमेरिकेत शेतमजुरांच्या संरक्षणासाठी हा कालावधी औषधाच्या लेबलवरच छापलेला असतो. निरुपद्रवी मानल्या जाणाऱ्या गंधकासाठीसुद्धा तो २४ तासांचा आहे, कारण गंधक डोळ्यांना व त्वचेला दाह करते. आपल्या डब्यांवरील लाल, पिवळा, निळा वा हिरवा त्रिकोण विषाची तीव्रता सांगतो. हिरवा त्रिकोण म्हणजे ओल्या पानांत हात घालण्याची परवानगी नव्हे.

सायकलस्वार तासाभराचा पाहुणा आहे. पेठ, सुरगाण्याकडून येणाऱ्या मजूर स्त्रिया मात्र हंगामभर त्याच पानांत उभ्या असतात. फेलफुटी काढणे, शेंडे खुडणे, पाने विरळ करणे ही सारी कामे उघड्या हातांनी होतात आणि बहुधा फवारणीच्या दुसऱ्याच दिवशी. शहरी पाहुण्याच्या काळजीने का होईना, हा नियम बागेत येणार असेल, तर त्याचा पहिला लाभ या स्त्रियांना मिळाला पाहिजे. पाहुण्यांसाठी फलक आणि मजुरांसाठी मौन, अशी व्यवस्था मला मान्य नाही.

“पाऊस पडून गेल्यावर केवड्याची फवारणी पाहुण्यांसाठी थांबवायची काय?” असा प्रश्न बागायतदार विचारतील आणि तो रास्त आहे. फवारणी थांबवू नये. माणसांचा प्रवेश थांबवावा. त्यासाठी फारसा खर्चही नाही. फवारणीच्या दिवशी बांधावर लाल निशाण लावावे. फलकावर औषधाचे नाव, फवारणीची वेळ आणि पुन्हा प्रवेशाची वेळ लिहावी. लेबलवर कालावधी दिलेला नसेल, तर फवारा पूर्ण वाळून किमान एक दिवस जाईपर्यंत हाताची कामे टाळावीत. तीव्र विषारी औषधांसाठी याहून अधिक थांबावे. रस्त्यालगतच्या ओळींत ब्लोअरची रस्त्याकडील बाजू बंद ठेवून आतल्या दिशेनेच फवारावे. वाइनरींनी पाहुण्यांना पाठविण्यापूर्वी वाटेवरील बागायतदारांना विचारावे. त्या दिवशी वाट बदलली तर पाहुण्याचे काही बिघडत नाही. पाहुण्यांनीही वाट सोडू नये व मणी तोडू नयेत.

यात बागायतदाराचा लाभही आहे. फवारणीची नोंद बांधावर जाहीर लिहावी लागली की अनावश्यक फवारणी आपोआप खटकू लागते आणि कीड मोजूनच औषध घेण्याची सवय लागते. मित्रकीटकांना त्याहून मोठे अभय नाही. नाशिक असो, नंदी टेकड्यांचा परिसर असो वा विजयपूर, द्राक्षबागांतून सायकलवाटा आखण्यापूर्वी ग्रामपंचायत, शेतकरी उत्पादक कंपनी आणि कृषी सहायक यांनी एकत्र बसून हा नियम ठरवावा. येत्या फळछाटणीपूर्वी प्रत्येक विस्तार कार्यकर्त्याने आपल्या गावातील किमान एका बागेत असा फलक उभा करून दाखवावा.