‘येते गं’ म्हणायला काय जातं?

‘येते गं’ म्हणायला आपलं काही जात नाही. जातं ते रांधणारीचं. हैदराबादेत ‘परसों’ म्हणजे परवा किंवा दहा वर्षांपूर्वीसुद्धा. गप्पांत ते गोड वाटतं, पंगतीला चालत नाही.

कुलपाकजीची यात्रा घ्या. इथून साधारण ८० किलोमीटर. ४० जणींच्या ‘हो’वर मोठी बस ठरवायची आणि २५ जणीच आल्या, तर १५ जागांचं भाडं कुणाच्या माथी? आलेल्यांच्याच ना! जेवणाचं तर त्याहून वाईट. आपल्यात सूर्यास्तानंतर जेवण नाही, दुसऱ्या दिवशी शिळं नाही. उरलेलं ठेवायचं कुठे? जीवदयेची प्रवचनं ऐकणाऱ्यांनी पातेलंभर अन्न टाकायचं?

जुन्या बाया आमंत्रण देतानाच सांगत, घरटी एक की चूलबंद. त्यात कोतेपणा नव्हता, हिशोब होता.

‘नाही म्हटलं तर वाईट वाटेल’ म्हणे! अहो, वाढलेली ताटं रिकामी राहतात तेव्हा काय बरं वाटतं? घरात आजारपण येतं, पाहुणे येतात. त्याला कोणी नावं ठेवत नाही. पण फोन न करणं ही अडचण नव्हे, बेपर्वाई आहे. जमणार नसेल तर भाजी चिरण्याआधी कळवा.