फ्रिंजचे उघडे दार आणि त्याचे भाडे

दर ऑगस्ट महिन्यात स्कॉटलंडमधील एडिंबरो शहरात भरणाऱ्या 'फ्रिंज' नाट्यमहोत्सवाचे गोडवे गाताना एक गोष्ट हमखास सांगितली जाते : येथे निवड समिती नाही, म्हणून येथे कलेची खरी लोकशाही नांदते. पाठोपाठ सल्ल्यांची खैरात होते. दिवसाला पाच प्रयोग कसे गाठावेत, अर्ध्या दराची तिकिटे कोठे मिळतात, प्रारंभीच्या दिवसांत स्वस्तात काय पाहून घ्यावे! महोत्सवाचा लाभ घेणे म्हणजे प्रयोगांचा फडशा पाडणे, अशी ही व्याख्या आहे. बाजारात शिरलेल्या गिऱ्हाइकाला ती शोभते. कष्टकऱ्यांच्या रंगभूमीशी नाते सांगणाऱ्यांनी ती निमूटपणे स्वीकारण्याचे काहीच कारण नाही.

हे दार कोणी प्रेमाने उघडून दिलेले नव्हते. महायुद्धाने होरपळलेल्या युरोपात संस्कृतीचे पुनरुज्जीवन करण्याची उदात्त घोषणा करीत 1947 साली एडिंबरोचा आंतरराष्ट्रीय महोत्सव सुरू झाला, तेव्हा आठ नाट्यसंस्था निमंत्रणावाचूनच प्रयोग घेऊन उभ्या राहिल्या. त्यांतील एक होती ग्लासगो युनिटी थिएटर. कामगारांच्या हौशी नाट्यमंडळांच्या एकीतून जन्मलेल्या या संस्थेने नाटक आणले ते मॅक्झिम गोर्कीचे 'लोअर डेप्थ्स', समाजाने तळघरात लोटलेल्या माणसांचे! महोत्सव तोंडावर आला असताना आर्ट्स कौन्सिलने तिचा आधार काढून घेतला. तरीही प्रयोग झाले. फ्रिंज म्हणजे किनार हे नाव या मंडळींना पुढच्या वर्षी मिळाले. दार त्यांनी आधीच ढकलले होते.

1951 साली तर याहून मोठे पाऊल पडले. ट्रेड्स कौन्सिल आणि खाण कामगारांच्या संघटनेसह कामगार चळवळीच्या पाठबळावर एडिंबरोत 'पीपल्स फेस्टिव्हल' उभा राहिला. कवी हॅमिश हेंडरसन याने तेथे स्कॉटलंडच्या खेड्यापाड्यांतील गायक व्यासपीठावर आणले. त्यांचे गाणे लोकसंगीताचा संग्राहक ॲलन लोमॅक्स याने ध्वनिमुद्रित केले. जोन लिटलवुडच्या थिएटर वर्कशॉपचेही प्रयोग तेथे झाले. या उपक्रमाचा गळा कोणी घोटला? धनिकांनी नव्हे. कामगार चळवळीच्याच वरिष्ठ नेतृत्वाने त्याला कम्युनिस्टांचे बाहुले ठरवून वाळीत टाकले, आणि 1954 नंतर तो उरला नाही. ब्रिटिश मजूर चळवळीच्या सांस्कृतिक इतिहासातील ही लाजिरवाणी नोंद आहे. जनतेची रंगभूमी आपणच मोडून टाकायची आणि मग रंगभूमी जनतेपासून दुरावली म्हणून टाहो फोडायचा, हा दांभिकपणा केवळ एडिंबरोपुरता आहे असे नाही.

चळवळीने मोकळी केलेली ही जागा बाजाराने भरून काढली. 2019 साली फ्रिंजमध्ये 323 स्थळी 3,841 कार्यक्रम झाले आणि तीस लाखांहून अधिक तिकिटे गेली. या आकड्यांनी डोळे दिपवून घेण्यापूर्वी पैशाचा प्रवास पाहावा. नट नोंदणीशुल्क भरतो. सभागृहाच्या चालकाशी करार करतो, आणि पुष्कळदा प्रेक्षक येवोत वा न येवोत, ठरावीक रकमेची हमी देतो. भित्तिपत्रके तोच छापतो, रस्त्यावर उभा राहून तोच वाटतो. ऑगस्टमध्ये शहरातील खोल्यांचे भाडे आभाळाला भिडते. तेही त्यालाच द्यावे लागते. तोटा झाला तर तो नटाचा, भाडे मात्र मालकाचे! निवड समिती नाही, असे म्हणणे म्हणूनच अर्धसत्य आहे. घरभाडे हीच निवड समिती आहे आणि तिच्यापुढे गिरणी कामगाराच्या वा सफाई कामगाराच्या मुलीची संहिता वाचलीही जात नाही. तिकिटे फाडणाऱ्या, दिवे सांभाळणाऱ्या तरुणांना 'स्वयंसेवक' हे गोंडस नाव देऊन तुटपुंज्या मानधनावर राबवण्याची रीतही येथे रुजली. 'अनुभव मिळतो' हे त्यावरचे उत्तर. अनुभवाने घरभाडे चुकते होत असते तर प्रश्नच नव्हता.

मग या महोत्सवाकडे पाठ फिरवावी काय? मुळीच नाही. ते तर मालकांना हवेच आहे. 1996 पासून पीटर बकली हिल याच्या पुढाकाराने 'फ्री फ्रिंज' चालते : मद्यालयाची मागची खोली बिनभाड्याने, प्रेक्षकाला दार मोफत, आणि शेवटी फिरवलेल्या टोपीत ऐपतीप्रमाणे पैसे. हा समाजवाद नव्हे, खोली मद्यविक्रीच्या आशेनेच मिळते; पण नट कर्जात बुडत नाही. जाणाऱ्याने आधी तेथे जावे, टोपीत नोट टाकावी. पाच प्रयोगांऐवजी दोन पाहावेत आणि नटांशी बोलावे. कामगार संघटनांनी आपली सभागृहे ऑगस्टमध्ये नाममात्र दराने खुली करावीत आणि 'स्वयंसेवकां'ना सभासद करून घ्यावे.

हा महोत्सव वापरावा कसा, हे जॉन मॅक्ग्राथच्या '7:84' या संस्थेने दाखवले आहे. सात टक्के लोकांच्या हाती 84 टक्के संपत्ती, या ब्रिटनच्या हिशेबावरून तिने नाव घेतले. 1971 साली ती एडिंबरोच्या महोत्सवात उभी राहिली. पण टाळ्या मोजत तेथेच बसली नाही. 1973 साली तिची स्कॉटिश शाखा हायलँड्समधील गावोगावच्या सभागृहांत नाटक घेऊन गेली. विषय होता तेथील शेतकऱ्यांना मेंढ्यांसाठी जमिनीवरून हुसकावणारे जमीनदार आणि नव्याने आलेल्या तेल कंपन्या. प्रेक्षकांत त्या हुसकावलेल्यांचे वंशज बसलेले होते.