साहेब, आमचं तोंड कधी बघणार?

आरोग्य खात्यातील माननीय साहेबांस,


विषय मागच्या निवेदनांतलाच. पोच मिळाली, उत्तर नाही. म्हणून आता चारचौघांत लिहितो.

तिशीपुढच्या प्रत्येकाचं तोंड दर पाच वर्षांनी तपासायचं, असा केंद्राचा 2016 चा आराखडा तुमच्याच कपाटात आहे. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात 30 ते 49 वयाच्या लोकांना विचारलं, तोंड कधी तपासून घेतलंय का? देशभरात हो म्हणणारे पुरुष 1.2 टक्के, बायका 0.9 टक्के. आणि 2016-17 च्या तंबाखू पाहणीत महाराष्ट्रातले 24.4 टक्के प्रौढ तंबाखू, मशेरी, गुटखा असं काही ना काही तोंडात ठेवणारे. चारातला एक जण बार भरतो आणि शंभरातल्या एकाच्याच तोंडात कुणी डोकावतं. 2022 साली देशात ओठ-तोंडाच्या कर्करोगाचे नवे रुग्ण 1 लाख 43 हजारांवर गेले, मृत्यू जवळपास 80 हजार. आकडेमोडीला तुमच्याकडे माणसं आहेत, पुढचा हिशेब त्यांनाच घालू द्या.

तपासणीला लागतं काय? बॅटरी, हातमोजा आणि दोन मिनिटं. गालाची आतली बाजू, जिभेच्या कडा, जिभेखालची जागा, खालच्या ओठाआड जिथं बार धरतात ती खाच. पुसून न जाणारा पांढरा चट्टा आहे का? लाल असेल तर धोका जास्त. दोन आठवड्यांत न भरलेली जखम, हाताला लागणारी गाठ. तीन बोटं उभी धरून तोंडात जात नसतील, तर सुपारीनं गाल आतून आवळत आणलाय. यातलं बरंचसं सुरुवातीला दुखत नाही, हीच गोम. ठेचा झोंबायला लागला की माणूस म्हणतो उष्णता झालीय, बी-कॉम्प्लेक्सची पट्टी आणतो. दाढ हलते म्हणून दाढ उपटून घेतो. जे छोट्या शस्त्रक्रियेत निभावलं असतं, त्यापायी पुढं जबडा जातो.

आशाताईंच्या तक्त्यात हे प्रश्न छापलेले आहेत, मान्य. पण खूण करायला तोंडात बघावं लागत नाही.

गुटखाबंदी 2012 ची. तिची मुदत दरवर्षी वाढते, पुड्यांचा धंदाही वाढतो. ते खातं तुमचं नाही, ठाऊक आहे.

फक्त 'लोकच येत नाहीत' असं कृपा करून सांगू नका. आमच्या उमरग्याच्याच जिल्ह्यात, तेव्हाच्या उस्मानाबादेत, 1999 पासून टाटा रुग्णालय आणि बार्शीच्या नर्गिस दत्त रुग्णालयानं गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा अभ्यास केला. 1 लाख 31 हजारांवर बायका त्यात होत्या. एचपीव्ही विषाणूच्या तपासणीला बोलावलेल्या दहातल्या जवळपास आठ जणी आल्या. एकदाच केलेल्या त्या तपासणीनं मृत्यू निम्म्यावर आले, हे 2009 मध्ये जगानं वाचलं. ती अवघड तपासणी ज्यांनी करून घेतली, त्या तोंड उघडायला नाही म्हणतील? तोंडाचा पुरावा केरळात आहे. तिरुवनंतपुरम जिल्ह्यात 1996 पासून शिकवून तयार केलेल्या कार्यकर्त्यांनी नुसत्या डोळ्यांनी तोंडं तपासली. तंबाखू-दारूवाल्यांतले तोंडाच्या कर्करोगाचे मृत्यू 34 टक्क्यांनी घटले. हेही 2005 पासून छापून पडलंय.

तेव्हा मागणी अशी. उमरग्याच्या सरकारी दवाखान्यात तापाला येवो की विंचवाला, तिशीपुढच्या प्रत्येकाचं तोंड बघा आणि केसपेपरवर लिहा. संशय आला तर तपासणीसाठी तुकडा इथंच काढा. नमुना प्रवास करील, रुग्णाला फिरवू नका. आणि दर महिन्याला दारातल्या फलकावर लावा: किती तोंडं बघितली, किती संशयित, किती तुकडे तपासले, किती जण उपचाराला लागले. शून्य असेल तर शून्य लिहा.

वाचकहो, तोंडातली जखम दोन आठवड्यांत भरली नसेल तर साहेबांच्या उत्तराची वाट बघू नका. दातांच्या डॉक्टरला दाखवा, तुकड्याची तपासणी मागा. तुकडा काढला की रोग पसरतो, ही भीती खोटी आहे.

आपला,
उमरगा तालुक्यातील एक नागरिक