काउंटरवरून सभागृहात

इंदूरच्या दवा बाजारात राजकारणाच्या गप्पांना तोटा नाही, पण औषधविक्रेत्याचा आमदार झालेला पाहायचा तर नजर कल्याणकडे वळते. जगन्नाथ ऊर्फ अप्पा शिंदे हे केमिस्टांच्या अखिल भारतीय संघटनेचे अध्यक्ष आणि २०१४ पासून सहा वर्षे राष्ट्रवादीचे राज्यपालनियुक्त आमदार. (या जागा साहित्य, कला, विज्ञान, सहकार, समाजसेवेसाठी, औषधाचे दुकान कशात बसते ते ज्याचे त्याने ठरवावे.) अमेरिकेत ह्यूबर्ट हम्फ्री वडिलांच्या औषधदुकानातून निघून १९६५ मध्ये उपाध्यक्षपदापर्यंत पोचले. तसे नवल नाही. कुणाची शुगर वाढली, कुणाची उधारी थकली, हे नगरसेवकाआधी केमिस्टला कळते. पण शिंदे यांचे खरे बळ गल्लीतल्या या ओळखीपेक्षा संघटनेत आहे. ऑनलाइन औषधविक्रीविरुद्ध तिने ३० मे २०१७ आणि २८ सप्टेंबर २०१८ रोजी देशभर बंद पुकारला. आमदारकीपेक्षा हे शटर वजनदार, असे माझे मत. ऑनलाइन विक्रीच्या नियमांचा मसुदा ऑगस्ट २०१८ मध्ये निघाला. सहा वर्षांनंतरही तो मसुदाच होता.