आधी बघा, मग टाका



"आई, टाकून दे तो मॉनिटर. सात हजारांत नवा येतो," मुलगा पुण्याहून फोनवर म्हणाला. त्याच्या आधी दुकानदार म्हणाला होता, "काकू, बोर्ड गेलाय. याचे पार्ट आता मिळत नाहीत." दोघांपैकी एकानेही मागचे झाकण काढून पाहिले नव्हते. एकाने तर शंभर किलोमीटरवरूनच निकाल दिला.

या 'न बघता टाका' सवयीबद्दल आज बोलायचे आहे. कोणाला झोंबले तर झोंबू दे.

आमचा मॉनिटर सतरा इंची, दुकानाच्या हिशेबासाठी घेतलेला. दुखणे असे, की सकाळी चालू केला की चित्र यायचे आणि दोन सेकंदांत अंधार. बटणाचा हिरवा दिवा मात्र चालूच. सात-आठ वेळा बंद-चालू केला की एकदाचा लागायचा, मग दिवसभर तक्रार नाही. दुपारी दुकानात नेला तर दुसऱ्याच झटक्याला लागला. मधूनच येणाऱ्या दोषाचे हेच असते, वैद्यासमोर गेले की दुखणे पळते.

मी कॉमर्सवाली. तेरीज जुळली नाही म्हणून कोणी खतावणी चुलीत घालत नाही. फरक सस्पेन्स खात्यात टाकायचा आणि एकेक नोंद तपासत बसायचे, हे आम्हाला शिकवलेले. तेच इथे केले. एक वही घेतली. तारीख, वेळ, कितव्या झटक्याला लागला, हवा कशी होती, एवढेच लिहायचे.

आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची. पहिल्या आठवड्यात प्लगची जागा बदलली, फरक नाही. मग केबल बदलली. रंग उडत असता, पडदा निळसर-पिवळसर होत असता तर केबलच्या पिनांवर संशय घेतला असता, पण तसे नव्हते. मग दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडून पाहिला, तिथेही तेच. म्हणजे दोष मॉनिटरच्या पोटातच. मला आधी वाटले होते आपल्या मेढ्याच्या पावसाचा दमटपणा असेल. श्रावणात तर इथे उशीसुद्धा ओली लागते. पण वही वेगळे सांगू लागली. पौषातल्या कोरड्या, थंड सकाळी सर्वांत वाईट. म्हणजे दोष ओलीचा नव्हता, थंडीचा होता.

शेवटी खोलीत अंधार करून, पडदा विझल्यावर त्यावर तिरपी बॅटरी मारली. आत अंधुक चित्र दिसत होते! चित्र होते, फक्त मागचा उजेड गेला होता. म्हणजे पडदा शाबूत, बिघाड उजेडात किंवा त्याला वीज देणाऱ्या भागात.

ही वही घेऊन एका रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणाऱ्या भाऊंकडे गेले. त्यांनी झाकण काढले आणि दोन मिनिटांत दाखवले. वीजपुरवठ्याच्या बोर्डावरच्या दोन कपॅसिटरची डोकी फुगली होती. जुना कपॅसिटर थंड असताना नीट काम देत नाही, गरम झाला की सुधारतो. पुरवठा डगमगला की दिव्यांचे सर्किट स्वतःला बंद करून घेते. दोन नवे कपॅसिटर तीस रुपये, मजुरी दोनशे. मॉनिटर आजही चालू आहे. (बायांनो, झाकण स्वतः उघडू नका. प्लग काढल्यावरही आत वीज साठून राहते. आपले काम वही लिहिण्याचे.)

आता मूळ मुद्दा. श्रावकाच्या बारा व्रतांत अनर्थदंड विरमण आहे. गरज नसताना केलेली हिंसा ती अनर्थदंड. तिच्या प्रकारांत पापोपदेशही येतो, म्हणजे दुसऱ्याला पापाचा सल्ला देणे. न बघता "नवा घ्या" म्हणणे यात बसत नाही का? जुन्या एलसीडी मॉनिटरच्या मागे बारीक ट्यूब असतात, त्यांत थोडा का होईना पारा असतो. जुन्या बोर्डांच्या झाळणीत शिसे असते. भंगारात वायरी जाळून तांबे काढतात, तो धूर कोणाच्या छातीत जातो? आपण पाणी गाळून पितो आणि पारा वेण्णेच्या काठच्या उकिरड्यावर टाकतो. पुढे कण्हेर धरण आहे. गाळण्याने पारा गाळला जातो काय?

२०२२ या एका वर्षात जगात सुमारे ६.२ कोटी टन ई-कचरा झाला आणि त्यातला चौथा हिस्साही रीतसर गोळा होऊन पुनर्वापरात गेल्याची नोंद नाही. त्यात आपल्या घरातले किती, ते ज्याचे त्याने मोजावे.

कोणी म्हणेल, जुना मॉनिटर वीज जास्त खातो. बरोबर. मी हिशेब केला. माझ्या आणि नव्याच्या वॅटमध्ये वीसचा फरक. रोज दोन तास धरले तर वर्षाला पंधरा युनिटसुद्धा नाही. तेवढ्यासाठी नवा मॉनिटर बनवायचा, खोक्यात थर्मोकोल भरून आणायचा? ज्यांच्याकडे दिवसभर चालतो त्यांनी वेगळा हिशेब करावा, पण करावा.

दुसरे म्हणतील, "आम्ही टाकत नाही, भंगारवाल्याला देतो." ते टाकणेच, फक्त दुसऱ्याच्या हाताने. साधू-साध्वी रोज पडिलेहण करतात, वस्तू बघूनच उचलतात, बघूनच ठेवतात. टाकायची वस्तू कुठे टाकली तर जीव दुखावणार नाही, याचीही त्यांची वेगळी समिती आहे. आपण त्यांना हात जोडतो आणि घरी येऊन बॅटरी, ट्यूब, चार्जर ओल्या कचऱ्यात घालतो.

पडदाच फुटला तर दुरुस्तीचा हट्ट मीही धरणार नाही. पण १ एप्रिल २०२३ पासून लागू असलेल्या ई-कचरा नियमांनी उत्पादकांवर जबाबदारी टाकली आहे, नोंदणीकृत पुनर्वापरवाले आहेत. साताऱ्याला फेरी होईल तेव्हा जमवून न्या. तोवर माळ्यावर एक खोके ठेवा.

आणि दुकानदारांनो, "बोर्ड गेलाय" म्हणण्याआधी चार स्क्रू काढा. उघडून पाहिल्याचे पैसे घ्या, आम्ही देऊ. न पाहिल्याचे मात्र घेऊ नका.

पर्युषणात मुलगा घरी आला होता. मॉनिटर चालू बघून म्हणाला, "अगं, हा अजून आहे?" मी त्याच्यापुढे वही ठेवली. त्याने सगळी वाचली. परत जाताना त्याच्या घरी बंद पडलेला मिक्सर पुढच्या वेळी घेऊन येतो म्हणाला.

कोणाचे मन दुखावले असेल तर मिच्छामि दुक्कडम्.