चिपीला शिव्या घालण्याआधी एकदा वेंगुर्ला बंदरावर जाऊन या

चिपी विमानतळाचा विषय निघाला की आमच्या नाक्यावर दोन तट पडतात. एक म्हणतो, आमच्या नेत्याने विमानतळ आणला. दुसरा म्हणतो, मोपाने चिपी खाल्लं. चहा संपतो, विषय तिथेच राहतो.

९ ऑक्टोबर २०२१ ला चिपीचं उद्घाटन झालं. श्रेय कुणाचं, यावर व्यासपीठावरच जुंपली, ते सगळ्या महाराष्ट्राने पाहिलं. अडीच किलोमीटरची धावपट्टी, सगळं झकास. पुढच्याच वर्षी डिसेंबरात मोपाचं उद्घाटन झालं. आणि ‘उडान’ची तीन वर्षांची मुदत संपली तशी २०२४ मध्ये मुंबईची सेवा बंद पडली. म्हणजे विमान अनुदानावर उडत होतं. अनुदान संपलं, विमान बसलं.

पण मंडळी, हे आपल्याकडे पहिल्यांदा होत नाहीये. वेंगुर्ल्याला डचांची वखार कशाला होती? बंदर चालत होतं म्हणून. इंग्रजांच्या काळात बेळगाव भागातला कापूस आंबोलीच्या घाटाने बैलगाड्यांतून खाली यायचा आणि इथून जहाजात चढायचा. मग १८८० च्या दशकात मुरगाव बंदराला रेल्वे जोडली गेली आणि घाटावरचा माल तिकडे वळला. वेंगुर्ल्याचा समुद्र काही आटला नव्हता. मागचा रस्ता कमी पडला. तेव्हाही गोव्यानेच नेलं, आणि तेव्हा तर तिथे पोर्तुगीज होते! तेव्हा उगाच मोपाच्या नावाने बोटं मोडू नका.

आता आंब्याचं बघा. दर निवडणुकीत एक भाषण ठरलेलं, ‘हापूस चिपीवरून थेट परदेशात जाणार.’ अहो, इथे येतात ती सत्तरेक माणसांची एटीआर विमानं. माणसं आणि त्यांच्या बॅगा चढल्या की पेट्यांना जागा किती उरणार? शिवाय अमेरिकेला आंबा पाठवायचा तर विकिरण करावं लागतं, ती सोय वाशीला. मग देवगडचा बागायतदार संध्याकाळी ट्रक भरून वाशीलाच धाडणार ना! आणि तो ट्रक जातो कुठून? ज्या महामार्गाचं काम २०११ पासून ‘लवकरच पूर्ण’ होतंय, तिथून. पेटी वाशीला उतरेपर्यंत निम्मा आंबा डागी झाला तर दलाल भाव काय देणार, ते सांगायला नको.

बंदरांचंही तेच. जयगडला मोठाली जहाजं लागतात, पण ती मुख्यतः कोळशाची आणि खनिजाची. रेडीतून लोहखनिज गेलं. आपला आंबा, काजू, मासळी त्यात कुठेच नाही. माझी आजी आगबोटीने मुंबईला जायची. पडावातून बोटीपर्यंत, अंगावर पाणी, पोटात कालवाकालव. तरी ‘सकाळी भाऊच्या धक्क्याक’ म्हणताना तिचा चेहरा खुलायचा. ती बोट बंद झाली आणि ७२० किलोमीटरच्या किनाऱ्याला पाण्यातली वाट उरली नाही. आज मांडव्याला रो-रो गाड्या घेऊन जाते. मग ट्रकसकट आंबा पाण्यावरून का जाऊ नये? पावसाळ्यात बोट बंद राहील हे कबूल, पण हापूसचा हंगाम पावसाआधीच संपतो की.

माझ्या मते आधी तीन गोष्टी मागाव्यात. मोपाच्या दारातून सावंतवाडी, वेंगुर्ले, मालवणसाठी विमानांच्या वेळा बघून एसटी. माझा भाचा बेंगळुरूहून मोपाला उतरतो आणि मालवण गाठेपर्यंत टॅक्सीवाला त्याचा खिसा रिकामा करतो, मग पर्यटक गोव्यातच राहिला तर नवल काय? दुसरं, सर्जेकोट, देवगडच्या जेटीजवळ पुरेसा बर्फ आणि शीतगृह. मासळी टिकली तर भावासाठी थांबता येईल, नाहीतर व्यापारी सांगेल तो दर. आणि विकिरणाचं एक केंद्र इथे, आपल्या जिल्ह्यात.

चिपीची मुंबई सेवा हवीच, चाकरमान्यांना गणपतीला तर हवीच हवी. पण पुढच्या वेळी कुणी ‘थेट दुबई’ म्हणाला, तर त्याला एवढंच विचारा, पेटी शेतातून धावपट्टीपर्यंत नेणार कशी?